पिट्सबर्गचा तो भुताचा सिनेमा

फिल्म सोसायटीत खेळ लावणाऱ्याची निम्मी शक्ती हक्कांच्या पत्रव्यवहारात जाते. त्यामुळे ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ अमेरिकेत कुणीही, कुणालाही न विचारता दाखवू शकतं, हे कळलं तेव्हा मला आनंद होण्याऐवजी वाईटच वाटलं.

पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करणाऱ्या जॉर्ज रोमेरो आणि मित्रांनी सुरुवातीला दहा जणांकडून प्रत्येकी 600 डॉलर जमवले. पुढे खर्च सुमारे 1 लाख 14 हजारांवर गेला. चित्रपट कृष्णधवल, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप चालून गेलं. एका वितरण कंपनीला शेवट गोड हवा होता, पण या मंडळींनी तो बदलला नाही. शेवटी वॉल्टर रीड यांच्या कंपनीने चित्रपट घेतला आणि 1 ऑक्टोबर 1968 ला पिट्सबर्गच्या फुल्टन थिएटरात तो लागला. आधीचं नाव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’. नाव बदलताना शीर्षकाची नवी पाटी आली, आणि जुन्या पाटीवरची कॉपीराइटची ओळ गळली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याने तेवढ्यावरच हक्क गेला.

‘व्हरायटी’ने चित्रपट झोडपला. पण मला महत्त्वाचा वाटतो तो समीक्षक रॉजर इबर्टचा जानेवारी 1969 चा लेख. शिकागोतल्या एका वस्तीतल्या थिएटरात, शनिवारच्या मॅटिनीला तो बसला होता. सभागृह पोरांनी भरलेलं. भुताच्या सिनेमाला ओरडायचं, खिदळायचं, हा त्यांचा ठरलेला रिवाज. सुरुवातीला तसंच चाललं. मग पडद्यावरची उठून चालणारी प्रेतं नायकाच्या जळालेल्या सोबत्यांचे लचके तोडू लागली आणि पोरं गप्प झाली. मधल्या वाटेपलीकडे नऊएक वर्षांची मुलगी न हलता रडत होती. नायक अखेर वाचेल, ही आशाही शेवटच्या गोळीने संपली. वयानुसार प्रमाणपत्रं देण्याची पद्धत अमेरिकेत नोव्हेंबर 1968 मध्ये सुरू झाली. हा चित्रपट महिनाभर आधीच बाहेर पडलेला, म्हणून पोरांना अडवणारं प्रमाणपत्र त्याला नव्हतं. इबर्टचा राग पोरांना आत सोडणाऱ्या थिएटरवाल्यांवर आणि त्यांना पाठवणाऱ्या पालकांवर होता. पडद्याइतकंच प्रेक्षकांकडे बघून लिहिलेलं इतकं सच्चं परीक्षण मी क्वचितच वाचलंय. ‘रीडर्स डायजेस्ट’ने ते पुन्हा छापलं आणि चित्रपटाची चर्चा आणखी वाढली.

मोठ्या माणसांनी तोच शेवट वेगळा वाचला. नायक बेनची भूमिका करणारे ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय. पटकथेत बेनच्या रंगाचा उल्लेखही नाही. बेनला गोळी घालते ती बंदुका घेऊन फिरणारी गोऱ्यांची टोळी. 4 एप्रिल 1968 ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तेव्हा तयार प्रिंट गाडीत घालून आपण न्यूयॉर्कला निघालो होतो, असं रोमेरो सांगत. शेवट तर आधीच चित्रित झालेला. तरी त्या वर्षाच्या प्रेक्षकाला ती टोळी ओळखीची वाटली असणार! 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने चित्रपट दाखवला, मध्यरात्रीच्या खेळांना तरुणांची गर्दी होऊ लागली, आणि 1999 मध्ये त्याची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत निवड झाली. जोन्स 1988 मध्येच गेले होते.

हक्क नसल्याने चित्रपट घरोघरी पोहोचला हे खरं, पण कॉपीवरून कॉपी काढत तो काळवंडत गेला आणि करणाऱ्यांच्या हाती कमाईतलं फारसं काही लागलं नाही. 2016 मध्ये मूळ निगेटिव्हवरून त्याची नवी प्रत तयार झाली. आमच्याकडे खेळ ठरला की कुणीतरी म्हणतंच, फुकट आहे ना, नेटवरून उतरवून घ्या. मी मात्र पैसे भरून नवी प्रतच मागवतो.