दुधाची बाटली आणि हौदाचं पाणी

मागच्या आठवड्यात कुणीतरी सराफ्यातले रात्रीचे फोटो टाकले आणि खाली नेहमीचा वाद सुरू झाला. एक म्हणे, आमच्या वेळी हे टोप्या-हातमोजे नव्हते, तरी कुणी आजारी पडत नव्हतं. दुसरा म्हणे, लायसन्स वगैरे सगळी पैसे खायची कुरणं. दोघांनाही उत्तर द्यायचं मनात होतं, पण चार ओळींत मावेना. लांबलं तर सांभाळून घ्या. पान पुरं भरल्याशिवाय खातं बंद करायचं नाही ही बँकेतली सवय अजून सुटलेली नाही.

पहिली गोष्ट, इंदूरला स्वच्छतेचं वेड 2017 साली देशात पहिला नंबर आला तेव्हा लागलं असं नव्या पिढीला वाटतं. ते खरं नाही. प्लेगच्या दिवसांत तिसरे तुकोजीराव होळकर महाराजांनी पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराला इथं आणलं होतं. त्यानं 1917 च्या दिवाळीत मिरवणूक काढली. मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीर आणि घाणीचा राक्षस होता, आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले सफाई कामगार हारांनी सजवलेले झाडू घेऊन चालत होते. जी वस्ती सगळ्यांत स्वच्छ तिकडून मिरवणूक जाणार असं आधीच जाहीर केलेलं, त्यामुळे लोकांनी घरंदारं झाडून काढली. आमच्या आजीनं लहानपणी हे पाहिलं होतं. तिला गेडीसचं नाव ठाऊक नव्हतं, ती ‘उंदराची दिवाळी’ म्हणायची. त्याचा अहवाल पुढच्या वर्षी दोन खंडांत छापून निघाला.

पण रस्ता झाडणं वेगळं आणि लोकांच्या ताटात जे पडतं त्याची जबाबदारी घेणं वेगळं. ते मी घरातच शिकलो.

1961 साली वडील गेले. ते मिलच्या ऑफिसात कारकून होते. मी दहा वर्षांचा, धाकटी बहीण सहाची. आईनं रामबागेतल्या आमच्या भाड्याच्या वाड्यात खाणावळ काढली. खंडवा, बुऱ्हाणपूर, धार, देवास इथून शिकायला आलेली मुलं असायची, कधी बारा, कधी सोळा. सगळे तिला मावशी म्हणायचे. दोन वेळचं जेवण, रविवारी गोड, आणि जो महिन्याचे जादा पैसे देईल त्याला रात्री पेलाभर दूध. हे दूध लक्षात ठेवा.

स्वयंपाकघर सोवळ्यातलं. आई पहाटे न्हाऊन, ओलेत्यानं नाही तरी धूतवस्त्र नेसूनच चुलीशी बसायची. आम्हाला पिण्याच्या पाण्याच्या घड्याला हात लावायची परवानगी नव्हती. कुणी शाळेच्या कपड्यांनी उंबरठा ओलांडला की तिचा आवाज चढायचा. मुलांच्या आया गावाहून आल्या की हे पाहून निश्चिंत व्हायच्या. मावशीकडे किती स्वच्छ आहे म्हणायच्या.

1967 च्या पावसाळ्यात फूड इन्स्पेक्टर आले. बरोबर शिपाई आणि गल्लीतलेच दोन पंच. “माताजी, दूध का सैंपल लेना पड़ेगा.” आईला वाटलं, चहा मागताहेत. त्यांनी पातेल्यातलं दूध मोजून घेतलं, त्याचे पैसे दिले, पावती लिहून घेतली. तीन बाटल्यांत ते भरलं, फॉर्मॅलिनचे थेंब टाकले, लाखेची मोहर मारली. त्या काळच्या नियमाप्रमाणे एक बाटली सरकारी विश्लेषकाकडे जायची, एक इन्स्पेक्टरकडे राहायची आणि एक ज्याच्याकडून नमुना घेतला त्याच्या हातात. म्हणजे आईच्या हातात. ती बाटली कुठं ठेवावी हा आमच्या घरात मोठाच प्रश्न झाला. स्वयंपाकघरात चालणार नाही, देवघराजवळ तर नाहीच. शेवटी माझ्या पुस्तकांच्या फडताळात ती गेली. बी. कॉम. होईपर्यंत मी तिच्या शेजारी अभ्यास केला.

महिना-दीड महिन्यानं कागद आला की दुधात पाणी आहे. राऊहून सायकलवर दूध घालणारा भाई रडून गेला, पायाही पडला, पण त्यानं पाणी घातल्याचं कबूल केलं नाही. आणि त्याच्या कबुलीनं काही फरकही पडला नसता, कारण कायदा काय होता ते ऐका.

1954 चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा 1 जून 1955 पासून अंमलात आला. विकणाऱ्याला भेसळ माहीत नव्हती, हा बचाव त्यात चालत नसे. सुटका एकाच वाटेनं होती. माल परवानाधारकाकडून घेतलेला हवा आणि त्यानं लेखी हमी दिलेली हवी. सायकलवरचा दूधवाला कसली लेखी हमी देणार? आईकडे त्याचा हिशेब म्हणजे भिंतीवर कोळशानं ओढलेल्या रेघा. त्यातच 1964 च्या दुरुस्तीनं शिक्षा कडक झाली होती. किमान सहा महिने कैद आणि हजार रुपये दंड, खास कारणं नोंदवली तरच कोर्टाला कमी करता येणार. वकिलांनी दुसरा मार्ग सांगितला, की फी भरून आपली बाटली कलकत्त्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठवायला कोर्टाला अर्ज करा, त्यांचा निकाल अखेरचा. पण तिथंही पाणीच निघालं तर? आईनं अर्ज केला नाही.

केस तीन वर्षं चालली. तारखेच्या दिवशी आई पहाटे तीनला उठून स्वयंपाक करायची, मुलांची ताटं वाढायला शेजारच्या काकूंना बसवायची आणि कोर्टात जायची. शेवटी विधवा बाई, पहिलीच वेळ, पदरी दोन मुलं ही कारणं लिहून न्यायाधीशांनी कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा दिली. आई संध्याकाळपर्यंत कोर्टातल्या बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो. तिनं दिवसभर पाणी घेतलं नाही, तिथलं चालत नव्हतं म्हणून. घरी येऊन अंघोळ केली आणि कणीक मळायला घेतली. दूध मात्र त्या दिवसापासून बंद केलं.

इथवरची गोष्ट मी पुष्कळांना सांगितलेली आहे. इन्स्पेक्टर कसे दुष्ट आणि कायदा कसा आंधळा या चालीवर सांगितली की ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. पुढची मी फारशी सांगत नाही.

केस चालू असतानाच, 1969 च्या उन्हाळ्यात, खाणावळीतल्या पाच मुलांना कावीळ झाली. चार महिन्याभरात उठली. बुऱ्हाणपूरचा एक मुलगा फार खंगला, त्याचे वडील येऊन त्याला घेऊन गेले, त्याची परीक्षा बुडाली. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आलंय.

पाणी भरायचं काम माझं होतं. तेव्हा नर्मदा इंदुरात आली नव्हती. नर्मदेच्या पाण्यासाठी शहरानं आंदोलन केलं ते 1970 साली आणि पाणी पोचलं 1978 मध्ये. उन्हाळ्यात नळ करंगळीएवढा वाहायचा, तोही वेळी-अवेळी. टँकर आला की मी बादल्यांनी अंगणातला हौद भरायचो. हौदाला झाकण नव्हतं. त्याच पाण्यानं आई न्हायची, त्यातलंच गाळून पिण्याच्या घड्यात जायचं. ताटं राखेनं घासून एका घंगाळात विसळायची, आणि सोळा ताटांना घंगाळातलं पाणी एकदाच बदलायचं, कारण मला दुसऱ्यांदा हौदापर्यंत जायचा कंटाळा यायचा. घड्याला हात लावायचा नाही, हे सोवळं आम्ही कडक पाळलं. घड्यात काय आहे ते कुणी पाहिलं नाही.

इन्स्पेक्टरांनीही पाहिलं नव्हतं. दूध काढून घेताना ते त्या हौदाला टेकूनच उभे होते.

मला वाटतं, त्या वेळच्या कायद्याची सगळी मेख इथं आहे. परवान्याच्या अटींत जागेच्या स्वच्छतेची कलमं होती, नाही असं नाही. पण खटला उभा राहायचा तो बाटलीवर. ग्राहकाला पैशाला फसवलं का, हा त्याचा मुख्य प्रश्न. दुधात पाणी घालणं फसवणूकच आहे, पण ते पाणी कुठलं, यावर माणूस आजारी पडतो की नाही ते ठरतं. आणि आमचं सोवळं विचारायचं, कुणी शिवलं? एक पदार्थाकडे बघत होता, दुसरा माणसाच्या जातीकडे आणि कपड्यांकडे. त्यात घंगाळ राहून गेलं. सोवळ्याच्या नावाखाली आम्ही कुणाकुणाला पायरीवर बसवून वेगळ्या भांड्यात वाढलं, ते इथं काढत नाही, पण तेही स्वच्छतेतच मोजलं जायचं.

1973 मध्ये मी बँकेत लागलो. छोट्या धंद्यांची कर्जं, चार टक्क्यांची डी.आर.आय. कर्जं, पोहे-जलेबीच्या गाड्या, चहाची हॉटेलं, अशा शेकडो फायली हाताखालून गेल्या. फायलीत गुमास्ता लायसन्स, पालिकेचा परवाना, भट्टी-फ्रिजची कोटेशनं. पाहणीला गेलो की टेबलं, खुर्च्या, कढया मोजायच्या आणि सही करायची. आमच्या फॉर्मात पाण्याचा रकाना नव्हता. मी आपला जाता जाता पिंपाचं झाकण उचलून बघायचो. हॉटेलवाल्यांना वाटायचं साहेबांना तहान लागलीय, लगेच पेला यायचा. एक-दोन ठिकाणी मी मंजुरी थांबवून ठेवली, आधी टाकीला झाकण करा म्हटलं. हे नियमात बसत नव्हतं आणि मॅनेजरसाहेबांनी मला तसं सुनावलंही.

मी निवृत्त झालो त्याच सुमाराला, 5 ऑगस्ट 2011 पासून, अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 प्रत्यक्ष लागू झाला आणि 1954 चा कायदा गेला. रिकामा वेळ होता, मी तो सगळा वाचला. वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या माणसाला तेव्हा फक्त नोंदणी होती, वर्षाची फी शंभर रुपये. परवान्याच्या नियमांना जोडलेल्या परिशिष्ट 4 मध्ये मला जे हवं होतं ते सापडलं. पाणी पिण्यायोग्य हवं, टाक्या झाकलेल्या आणि वेळच्या वेळी धुतलेल्या हव्यात, भांडी धुण्याची नीट सोय हवी. कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वरासारख्या आजारांची लस. अस्वच्छ जागेत अन्न बनवलं एवढ्यावरही एक लाखापर्यंत दंड, त्याला बाटली भरावी लागत नाही. दर्जा कमी पण अपायकारक नाही अशा मालाला आता तुरुंग नाही, दंड आहे. आणि दोष दिसला की आधी सुधारणेची नोटीस देता येते. आईला तशी नोटीस मिळाली असती तर तिनं आठ दिवसांत हौदाला झाकण बसवलं असतं, याची मला खात्री आहे. सांगितलेलं ती ऐकायची. तिला कुणी सांगितलंच नाही.

2019 मध्ये आपल्या छप्पन दुकानला ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’चा दर्जा मिळाला, पुढे सराफ्यालाही. त्याआधी तपासणी झाली, पाणी, कचऱ्याची झाकणाची पेटी, टोपी-अ‍ॅप्रन, कामगारांचं प्रशिक्षण सगळं बघितलं गेलं. मी दोन्ही ठिकाणी जातो. गराडू आणि भुट्ट्याचा कीस या वयातही सुटत नाही. हातमोज्यांबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. त्याच मोज्यानं नोट घेतात आणि त्याच मोज्यानं दहीवडा उचलतात. पस्तीस वर्षं नोटा मोजल्यात, त्यांच्यावर काय काय असतं ते मला विचारा. त्यापेक्षा मोबाइलवर पैसे घेणं सुरू झालं यानं स्वच्छतेचं जास्त भलं झालं असेल.

आणि ‘आमच्या वेळी कुणी आजारी पडत नव्हतं’ म्हणणाऱ्या दादांना एवढंच, की आमच्याकडे पाच जण पडले होते. त्याची नोंद कुठंही नाही. दुधाच्या केसची आहे.

गेल्या वर्षी भाचेसुनेनं लोकमान्य नगरात डबे द्यायला सुरुवात केली. तिचा नोंदणीचा अर्ज मी भरून दिला. चौदा आकडी नंबर आला, तो तिनं डब्यावर चिकटवलाय. दुधाची बिलं ती फायलीत लावते, मीच तसं बजावलं. टाकी धुतल्याची तारीख खडूनं टाकीवरच लिहिते, ते तिचं तिनंच सुरू केलं.

जाता जाता एक विनंती. 1962 ते 1978 मध्ये रामबागेत मावशींच्या खाणावळीत जेवलेलं कुणी हे वाचत असेल तर जरूर लिहा. बुऱ्हाणपूरची मंडळीही इथं आहेत. 1969 मध्ये काविळीमुळं इंदूर सोडून गेलेला, बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा, उंच, डावखुरा मुलगा कुणाच्या ओळखीत असेल तर मला निरोप द्या. आता तोही पंचाहत्तरीचा असेल. आईनं त्याच्या महिन्याचे उरलेले पैसे परत पाठवले होते, ती मनीऑर्डर परत आली होती.