प्रतिपिंडाचा मूळपुरुष

पुणं शहर ओलांडलं की भोसरी लागते. तिथल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत फेब्रुवारी 2005 मध्ये एचआयव्हीवरच्या लशीची भारतातली पहिली मानवी चाचणी सुरू झाली. लस आपल्याकडच्या ‘सी’ उपप्रकारावर बेतलेली होती, पण तिच्यात विषाणूच्या पोटातली प्रथिनं होती, बाहेरचं कवच नव्हतं. विषाणूला पेशीच्या दारातच अडवणारी प्रतिपिंडं कवचालाच धरतात. ती या लशीतून मिळणारच नव्हती.

ती सापडली रुग्णांच्याच रक्तात. शहाण्णव खळग्यांच्या तबकडीत विषाणू, पातळ केलेला रक्तद्रव आणि संसर्ग झाला की उजळणाऱ्या पेशी एकत्र ठेवतात. खळगा अंधारा राहिला, तर विषाणू अडला. अशा छाननीतून पुढे आलेल्या एका रुग्णाकडून 2010 मध्ये ‘व्हीआरसी01’ हे प्रतिपिंड मिळालं. ते सुमारे 90 टक्के विषाणू-वाण रोखतं. त्याची जनुकं उलटी वाचत गेलं, तर बदलांच्या कित्येक पिढ्यांमागे प्रतिपिंडं बनवणारी एक साधी बी-पेशी भेटते. हा त्या कुळाचा मूळपुरुष. लशीने आधी त्याला जागं करायचं आणि मग पायरीपायरीने घडवायचं, हे मला या शोधाचं खरं फळ वाटतं. 2022 मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत 36 पैकी 35 जणांत तो जागा झालाही. त्याच्यापासून तितकं समर्थ प्रतिपिंड घडवणं अजून बाकी आहे.

प्रतिपिंड एवढं समर्थ, तर रुग्ण बरा का झाला नाही? कारण ते तयार होईपर्यंत शरीरातला विषाणू रूप बदलून पुढे निघून गेलेला असतो. संसर्गाआधीच ते हजर असेल, तर गोष्ट वेगळी. यावर 2021 मध्ये जाहीर झालेल्या चाचण्यांचा दाखला देतात: व्हीआरसी01 टोचूनही एकंदर संसर्ग कमी झाला नाही. खरं आहे, पण त्याला दाद देणाऱ्या वाणांचा संसर्ग सुमारे 75 टक्क्यांनी घटला. म्हणजे समोर विषाणू कुठला, यावर सगळं ठरतं. ‘2जी12’ हे जुनं प्रतिपिंड कवचावरच्या शर्करांना धरतं. त्यातली एक नेमकी शर्करा बहुतेक ‘सी’ विषाणूंवर नसते आणि तिथे ते हतबल होतं. म्हणून परक्या कुळांवर आपलं भागणार नाही. दिल्लीच्या एम्सने ‘सी’ची लागण झालेल्या एका भारतीय मुलाच्या रक्तातून ‘एम्स-पी01’ वेगळं केलं, त्याचं मोल यासाठी. आता निदान होताच औषधं सुरू होतात, आणि तसंच व्हायला हवं. मात्र विषाणूशी वर्षानुवर्षं झुंजून घडलेली अशी कुळं त्यामुळे यापुढे विरळाच दिसतील. शीतपेट्यांत जपलेले जुने नमुने आताच वाचायला हवेत.