वैमानिकाच्या पाठीमागची खुर्ची

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस आले व जुहूस उतरले, तेव्हा त्यांच्या त्या चिमुकल्या विमानात ते स्वतः आणि टपालाच्या थैल्या एवढाच संसार होता. पाठीमागे कोण बसणार आणि हुकूम कोणाचा चालणार, हा प्रश्न तेथे उद्भवण्याचे कारणच नव्हते. पुढे विमाने मोठी झाली. मुख्य वैमानिकाशेजारी सहवैमानिक आला, त्यांच्या मागे यंत्रांकडे पाहणारा फ्लाइट इंजिनिअर आला, आणि उरलेल्या वीतभर जागेत एक घडीची खुर्ची आली. तिला वैमानिकांच्या भाषेत ‘जंपसीट’ म्हणतात. तिला धड पाठ नाही, धड हात नाहीत. प्रवाशाला ती फुकट दिली तरी तो नाक मुरडील. परंतु या खुर्चीवरून जे तंटे झाले, ते एखाद्या संस्थानाच्या गादीवरून व्हावेत असे आहेत. त्या तंट्यांचा इतिहास आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. तो अमेरिकेत घडला. पण त्यात गुंतलेला प्रश्न कोणत्याही देशाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ एका मोठ्या अपघातापासून करावा लागतो. ३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅन्यनच्या दरीवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ माणसे मृत्युमुखी पडली. त्या धक्क्याने देश जागा झाला, आणि १९५८ साली कायदा करून सरकारने विमानवाहतुकीच्या नियमनासाठी एक नवे, बलिष्ठ खाते निर्माण केले. त्याचे पहिले प्रमुख एलवुड केसाडा. हे गृहस्थ कचेरीत बसून विमाने हाकणारे नव्हते. १९२९ साली ‘क्वेश्चन मार्क’ नावाचे विमान हवेतच इंधन घेत १५० तासांहून अधिक काळ उडत राहिले, त्याच्या वैमानिकांपैकी ते एक होते. म्हणून पुढील भांडण हे साहेब आणि कारागीर यांचे नव्हते. ते वैमानिकाचेच वैमानिकाशी होते, आणि भाऊबंदकीची कटुता नेहमीच अधिक असते.

केसाडांना फार थांबावे लागले नाही. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी पॅन अमेरिकन कंपनीचे एक बोइंग ७०७ विमान अटलांटिकवरून जात असता मुख्य वैमानिक उठून प्रवाशांत गेले होते. तेवढ्यात स्वयंचालक यंत्रणा सुटली आणि ३५,००० फुटांवरील विमान गिरक्या घेत खाली कोसळू लागले. मुख्य वैमानिक धडपडत जागेवर परतले आणि समुद्र सुमारे ६,००० फुटांवर असताना विमान सावरले. शंभराहून अधिक प्रवासी केवळ दैवाने वाचले. वैमानिकाने आपली जागा सोडता कामा नये, हा नियम केसाडांनी कडकपणे लागू केला. नियम केला की तो पाळला जातो की नाही हे पाहणारा डोळा हवा. तपासनीस विमानांत बसू लागले. १९६० साली साठ वर्षांवरील वैमानिकांस प्रवासी विमान चालविण्यास बंदी झाली, तेव्हा तर वैमानिकांची संघटना आणि केसाडा यांच्यात विळ्याभोपळ्याचे सख्य जमले.

आता जेट विमानांतील बैठक कशी होती ते पाहिले पाहिजे. फ्लाइट इंजिनिअर हा वैमानिक असावा की यंत्रज्ञ, यावर दोन संघटनांचे वैर होते. ते मिटविण्यासाठी काही कंपन्यांनी दोघांनाही खूष केले. म्हणजे दोन वैमानिक, एक फ्लाइट इंजिनिअर आणि शिवाय तिसरा वैमानिक. हा तिसरा वैमानिक मुख्य वैमानिकाच्या पाठीमागील पुढच्या जंपसीटवर बसे. केसाडांच्या तपासनिसालाही तीच खुर्ची हवी होती. कारण सर्व घड्याळे आणि दोघांचे हात तेथूनच नीट दिसत. तपासनिसाने मागच्या खुर्चीवर बसावे, असे वैमानिक म्हणत. खाते म्हणे, मागे बसून तपासायचे काय, पाठी?

जून १९६० मध्ये ईस्टर्न एअर लाइन्सच्या वैमानिकांनी या प्रश्नावर काम थांबविले. एका घडीच्या खुर्चीपायी विमाने जमिनीवर उभी राहिली! लोक हसले असतील. परंतु आम्हांस हा हसण्याचा विषय वाटत नाही. तिसरा वैमानिक हा आमच्या सुरक्षिततेचा एक जादा डोळा आहे आणि त्याला उठविणारा तपासनीसच धोका निर्माण करतो, ही वैमानिकांची बाजू होती. जो स्वतःची तपासणी कोठून व्हावी हे स्वतःच ठरवितो, त्याची तपासणी होतच नाही, ही खात्याची बाजू होती. दोन्ही बाजूंत तथ्य होते, पण जनतेच्या जिवाशी निकटचा संबंध दुसऱ्या बाजूचा होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि वैमानिकांस कामावर परतावे लागले. आजच्या अमेरिकन नियमांत लिहिलेलेच आहे की, एकाहून अधिक खुर्च्या असतील तर पुढची, किंवा खाते निवडील ती, तपासनिसास मिळाली पाहिजे.

मग वैमानिकाकडे उरले काय? उरले ते फार मोठे. त्याच नियमावलीत असेही म्हटले आहे की, सुरक्षिततेसाठी आणीबाणीच्या वेळी कोणत्याही व्यक्तीस कक्षाबाहेर काढण्याचा मुख्य वैमानिकाचा अधिकार अबाधित आहे. खुर्चीवर हक्क एकाचा, खोलीवर हुकूम दुसऱ्याचा. हक्क आणि हुकूम यांची ही फारकत म्हणजे या भांडणाची खरी कमाई होय.

सरकारचा मान ठरला, तरी वैमानिकांचे आपसांतील मानपान राहिलेच. पुष्कळ वैमानिक राहतात एका शहरात आणि त्यांची नोकरी सुरू होते दुसऱ्या शहरातून. कामावर वेळेवर पोचण्यास ही खुर्ची त्यांचा आधार असते. आपल्या कंपनीचा आधी की परक्या कंपनीचा, ज्येष्ठ आधी की अगोदर आलेला आधी, याचे क्रम कंपन्यांनी लावले. पण क्रमात पहिला आलेला वैमानिकही मुख्य वैमानिकापुढे उभा राहून परवानगी मागतो, ही रीत टिकली. हे परवानगी मागणे केवळ शिष्टाचाराचे नाही, हे संपांच्या काळात दिसून आले. १ ऑक्टोबर १९८३ पासून कॉन्टिनेन्टल कंपनीच्या वैमानिकांचा संप दोन वर्षांहून अधिक चालला. जे संप मोडून कामावर गेले, त्यांना इतर कंपन्यांचे मुख्य वैमानिक पुढे कित्येक वर्षे ही खुर्ची नाकारीत राहिले. गावाने वाळीत टाकावे तसाच हा प्रकार. सुरक्षिततेसाठी दिलेला अधिकार जुने वैर काढण्यासाठी वापरणे आम्हांस योग्य वाटत नाही. पण ज्यांची घरे त्या संपात धुळीस मिळाली त्यांचा संताप आम्ही समजू शकतो.

या खुर्चीतील विश्वासाची भयंकर परीक्षा ७ एप्रिल १९९४ रोजी झाली. मेम्फिसहून सॅन होजेकडे निघालेल्या फेडरल एक्स्प्रेसच्या मालवाहू डीसी-१० विमानात त्याच कंपनीचा एक फ्लाइट इंजिनिअर पाहुणा म्हणून बसला. दुसऱ्या दिवशी त्याची खात्यांतर्गत चौकशी व्हायची होती. त्याच्या गिटारच्या पेटीत हातोडे आणि मासे मारण्याची बंदूक होती. अपघात भासावा असे विमान पाडायचे आणि विम्याची रक्कम कुटुंबास मिळवून द्यायची, असा त्याचा बेत. त्याने डेव्हिड सँडर्स, जेम्स टकर आणि अँड्र्यू पीटरसन या तिघांची डोकी फोडली. कवटी फुटलेल्या टकरने विमान असे वेडेवाकडे फिरविले की हल्लेखोराचे पाय टेकेनात. दोघे त्याच्याशी झुंजले, आणि अखेर सँडर्सने विमान मेम्फिसला सुखरूप उतरविले. तिघे जगले, पण प्रवासी वा मालवाहू विमान पुन्हा चालविणे त्यांच्या नशिबी उरले नाही.

११ सप्टेंबर २००१ नंतर दारे पोलादी झाली, परक्या कंपनीच्या वैमानिकास ही खुर्ची काही काळ बंदच झाली, आणि पुढे ओळख व नोकरी यंत्राने पडताळूनच ती पुन्हा मिळू लागली. तरीही २२ ऑक्टोबर २०२३ रोजी एव्हरेटहून सॅन फ्रॅन्सिस्कोला जाणाऱ्या विमानात जंपसीटवरील एका सुटीवरच्या वैमानिकाने दोन्ही इंजिने बंद पाडणारे दांडे ओढण्याचा प्रयत्न केला. चालकांनी त्याला आवरले आणि विमान पोर्टलंडला उतरविले. त्याची ओळख खरी होती, नोकरीही खरी होती. बिघडले होते ते मन. आपल्याकडेही २०२३ मध्ये नियमबाह्य व्यक्तीस कक्षात घेतल्याबद्दल एअर इंडियास ३० लाख रुपये दंड झाला आणि मुख्य वैमानिकाचा परवाना ३ महिन्यांसाठी निलंबित झाला.

तेव्हा या खुर्चीने शिकविलेला धडा कोणता? तपासणारा डोळा हवा. तो टाळण्याचा अधिकार कोणासही नसावा. पण अंतिम हुकूम ज्याच्या हाती सुकाणू आहे त्याचाच असावा, आणि तो त्याने रागलोभासाठी न वापरता पाठीमागे बसलेल्या शेकडो अनोळखी जीवांसाठी वापरावा. कायदा खुर्ची कोणाची हे सांगू शकतो. तीवर बसणाऱ्याकडे एकदा वळून नीट पाहणे, हे मात्र माणसालाच करावे लागते.