तिसरं वर्ष

परवा रात्री साडेदहाला पुण्याहून भाचीचा फोन आला. बारावीला गणित होतं, पण पदवी बॉटनीची. यंदा एम.सी.ए.ला प्रवेश घेतलाय. "मामा, मला नाही जमणार. वर्गात जवळजवळ सगळे बी.सी.ए.वाले. सर जे शिकवतात ते त्यांना आधीच येतं. मी इथली नाहीच."

मी ठरलेलं उत्तर दिलं. "अगं, मीही केमिस्ट्रीतूनच आलो होतो. झालंच ना? अभ्यास कर." ती "हो" म्हणाली आणि फोन ठेवला. त्या "हो"ने माझी झोप उडवली. कारण मी तिला अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं इथे लिहितोय. (ताई, तिला वाचायला सांग.)

आधी "इथली नाही"बद्दल. संगणकाचा जगातला पहिला रीतसर अभ्यासक्रम केंब्रिज विद्यापीठात १९५३ साली सुरू झाला. तो होता एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा. म्हणजे संगणकाची पदवी कुठेच नव्हती, तेव्हा दुसऱ्या विषयांतल्या पदवीधरांसाठी हा वर्ग उघडला. येणारा प्रत्येक जण बाहेरचाच! डाइक्स्ट्रा हे या शास्त्रातलं फार मोठं नाव. त्यांचं शिक्षण भौतिकशास्त्राचं. १९५७ साली लग्नाच्या नोंदणीत त्यांनी "प्रोग्रामर" असा व्यवसाय सांगितला, तर ॲमस्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनी असा व्यवसायच नसतो म्हणून तो नाकारला. शेवटी "सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ" असं लिहावं लागलं.

आपल्याकडेही तेच. आयआयटी कानपूरला १९६३ साली आयबीएम १६२० हा संगणक आला. तिथे ज्यांनी पिढ्या घडवल्या ते प्रा. राजारामन मूळचे बी.एस्सी. ऑनर्स, फिजिक्स. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला देशाला संगणकाची माणसं कुठून मिळणार हा प्रश्न उभा राहिला. इंजिनियरिंगच्या जागा मोजक्या, पण गणित येणारे बी.एस्सी., बी.कॉम. गावोगावी. राजारामन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने या मुलांसाठी तीन वर्षांचा एम.सी.ए. सुचवला. दोन नाही, तीन! कारण मुलं बाहेरून येणार हे गृहीतच धरलं होतं.

आता माझं. १९९८. देवळा तेव्हा तालुकासुद्धा नव्हता, तो झाला १९९९ साली. नाशिकहून केमिस्ट्रीची पदवी घेऊन घरी आलो आणि वडिलांना सांगितलं, पुण्याला एम.सी.ए. करायचं. त्यांनी विचारलं, "किती वर्षं?" "तीन." "आत्ताच तीन झाली ना?" पुढे काही बोलले नाहीत. आजीने मात्र अहिराणीत विचारलं, "मशीन शे का ते?" मीही तोवर संगणक दोनदाच पाहिला होता, तोही काचेआडून.

फी भरायची होती जुलैअखेर. वडिलांनी चाळीतला उन्हाळ कांदा काढला, ट्रॅक्टरमध्ये भरला आणि उमराण्याला जाऊन मिळेल त्या भावाने विकून आले. कांदा दिवाळीपर्यंत ठेवायचा हा त्यांचा दरवर्षीचा शिरस्ता. त्या वर्षी तो मोडला. आणि ऑक्टोबरमध्ये काय झालं ते जुन्या लोकांना आठवत असेल. कांद्याचे भाव असे भडकले की नोव्हेंबरात दिल्लीतलं सरकार पडायला तेही एक कारण ठरलं. आमची चाळ तेव्हा रिकामी होती. वडिलांनी त्याबद्दल मला आजवर एक शब्द ऐकवलेला नाही. मीही विचारलेलं नाही.

आणि इकडे मी काय करत होतो? पहिल्या सेमिस्टरला सी लँग्वेजमध्ये नापास. पॉइंटर डोक्यात शिरेना. वर्गात निम्मे माझ्यासारखेच, फिजिक्स, मॅथ्स, कॉमर्सवाले. अकाउंट्सचाही पेपर असे. खोलीतल्या बी.कॉम.वाल्याने मला डेबिट-क्रेडिट शिकवलं, मी त्याला सेट थिअरी. यशवंत कानेटकरांचं सी वरचं पुस्तक दोघांत एक. ते नागपूरचे आणि मूळचे मेकॅनिकल इंजिनियर, हे पुढे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. पॉइंटर समजला तो दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत. तोवर नापास होणं, पुन्हा बसणं, मूर्खासारखे प्रश्न विचारणं, सगळ्याला वेळ होता.

भाचीला मी हेच सांगितलं नाही. तिला तो वेळ नाही. २०२०-२१ पासून एम.सी.ए. दोन वर्षांचा झाला. त्यालाही कारण आहे. बी.सी.ए. केलेल्या मुलांना तेच धडे पुन्हा गिरवायला लावण्यात अर्थ नव्हता, आणि एक वर्षाची फी वाचते हे आमच्यासारख्या घरांना कमी नाही. बाहेरून येणाऱ्यांसाठी ब्रिज कोर्स ठेवला. पण मला जे शिकायला दीड वर्ष लागलं, ते ती नेहमीचे तास सांभाळून काही आठवड्यांत कसं शिकणार? आम्ही हुशार होतो म्हणून निभावलं असं नाही. कुणीतरी समितीत बसून आमच्यासाठी एक वर्ष जास्तीचं धरलं होतं, आणि त्याचे पैसे वडिलांनी कांदा काढून भरले होते.

म्हणून "आम्हीही केलं" हे वाक्य मी मागे घेतो. तुझं काम माझ्यापेक्षा अवघड आहे, बाळा. तू कमी आहेस म्हणून नव्हे, वेळ कमी आहे म्हणून. तो थोडा माझ्याकडे आहे. दर शनिवारी रात्री साडेआठला फोन करेन, वही-पेन घेऊन बस. पॉइंटरपासूनच सुरू करू. मूर्खासारखे प्रश्न आधी लिहून ठेव.

असो. दिवाळीला देवळ्याला गेलो की वडिलांना एकदा त्या कांद्याबद्दल विचारायचं आहे.