बी. रघुनाथ आम्हाला कोण ऐकवणार?

आमच्या काचीगुड्यातल्या मराठी घरांत आता तिसरी-चौथी पिढी नांदते आहे. मुले घरात मराठी बोलतात. शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरीही त्यांना येते, पण तीनशे पानांची मराठी कादंबरी हातात दिली की दहाव्या पानावर थांबतात. त्याच घरात आजी असतात. त्यांनी एकेकाळी इसामिया बाजारच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून पिशवी भरून पुस्तके आणून वाचली. आता डोळे साथ देत नाहीत. या दोघांनाही पुस्तकापर्यंत नेणारी एकच वाट उरते, ती म्हणजे ऐकण्याची.

ही वाट आपल्याला नवी नाही. चातुर्मासात एक जण श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' वाचायचा आणि सारा वाडा ऐकायचा. १९३५ साली इंग्लंडमध्ये अंधांसाठी ध्वनिमुद्रिकांवर पहिली बोलकी पुस्तके निघाली. त्यांत अगाथा ख्रिस्तींची एक रहस्यकथाही होती. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक हे त्यामागचे एक मोठे कारण होते. त्याच सुमारास आपल्या हैदराबादेत डेक्कन रेडिओ सुरू झाला. पुढे त्यावर उर्दूच्या जोडीने मराठीही ऐकू येऊ लागली. १ एप्रिल १९५० रोजी हे केंद्र आकाशवाणीकडे गेले.

मग पु. ल. आले. स्वतःच लेखक आणि स्वतःच नट! १९५८ साली पुस्तकरूपाने आलेली 'बटाट्याची चाळ' त्यांनी १९६१ पासून एकट्याने रंगमंचावर उभी केली. पुढे त्यांच्या आणि व. पु. काळ्यांच्या कथाकथनाच्या कॅसेटी निघाल्या. मनमाडच्या गाडीने काचीगुड्याला उतरणाऱ्या पाहुण्यांच्या सामानात चकलीच्या डब्याशेजारी त्या हमखास असत. 'अंतू बर्वा' आमच्यापैकी कित्येकांनी वाचण्याआधी ऐकला.

२०१७ च्या नोव्हेंबरात स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी भारतात आली, तेव्हा इंग्रजी-हिंदीबरोबर तिने मराठीही घेतली. आज नामवंत नट-नट्या मराठी कादंबऱ्या वाचून दाखवतात. हे काम दिसते तितके सोपे नाही. तीनशे पाने सावकाश वाचली तर दहा-बारा तास होतात. जीभ अडखळली की ते वाक्य पुन्हा वाचायचे, पान उलटल्याचा आवाजही येऊ द्यायचा नाही, आणि पात्रांचे आवाज पहिल्या प्रकरणात जसे लावले तसेच शेवटपर्यंत टिकवायचे.

पण आवाजाबरोबर बोलीही येते. पुण्या-मुंबईच्या नटाच्या तोंडी पुण्या-मुंबईची कथा शोभते. आपल्या मुलखाची कथा कोण वाचणार? बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, परभणी जिल्ह्यातले. जन्म १९१३ चा, शिक्षण हैदराबादेत, नोकरी निजामाच्या बांधकाम खात्यात. 'म्हणे लढाई संपली', 'जगाला कळले पाहिजे', 'आडगावचे चौधरी' या त्यांच्या कादंबऱ्या. निजामी राजवटीतला मराठवाडा त्यांच्या लेखनात आहे. पेशकार, तहसील, मुन्सफ हे शब्द आमच्या आजोबांच्या रोजच्या बोलण्यातले होते. ते कसे उच्चारायचे हे आम्हाला कुणी शिकवावे लागत नाही.

बी. रघुनाथ ७ सप्टेंबर १९५३ रोजी अवघ्या चाळिसाव्या वर्षी गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरचा हक्क संपतो. म्हणजे २०१४ पासून त्यांची पुस्तके सर्वांना खुली आहेत. ती वाचून ध्वनिमुद्रित करायला कुणाची परवानगी लागत नाही, कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

आपल्या मंडळांत दर गणेशोत्सवात नाटक बसवणारी मंडळी आहेत. त्यांच्याकडे आवाज आहे, पाठांतराची सवय आहे. ज्येष्ठांकडे जुने शब्द आहेत. तरुणांकडे ध्वनिमुद्रण करता येईल असे मोबाइल आहेत. रोज एक प्रकरण धरले तर एक कादंबरी पुढच्या गणेशोत्सवापर्यंत सहज पुरी होईल. वाचणाऱ्याशेजारी एखाद्या आजोबांनी बसावे, चुकलेला उच्चार तिथल्या तिथे सुधारावा. मुलांच्या कानावर ही भाषा पडली, तर कदाचित एखादे मूल उरलेली पाने डोळ्यांनीही वाचेल.

बी. रघुनाथांची पुण्यतिथी बहुतेक वर्षी गणपतीच्या आगेमागेच येते. पुढच्या वर्षी त्या दिवशी मंडपात पहिले प्रकरण ऐकूया. समोर पहिल्या रांगेत आजी असतील आणि त्यांच्या मांडीशी नातवंडे. गणपती बाप्पा मोरया!