पोथी लपवणारे आणि पोथी जप्त करणारे

मंडळी, परंड्यात उभे राहून आम्ही गोव्याविषयी बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. निजामाच्या राज्यात इथली एक पिढी शाळेत उर्दूतून शिकली आणि मराठी घरी वाचत राहिली, हे तुम्हांला सांगायला नको. पण घरात ज्ञानेश्वरी उघडली म्हणून कुणाला धर्मन्यायालयापुढे जावे लागत नव्हते. गोव्यात तसले न्यायालयच होते. इन्क्विझिशन १५६० साली आले आणि मधली चार वर्षे सोडली तर १८१२पर्यंत टिकले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाकडे जुनी पोथी सापडणे म्हणजे त्याने जुना धर्म सोडला नाही, असा संशय.

मग लोकांनी काय केले? केळोशी हे सासष्टीतले गाव घ्या. तिथल्या कृष्णदास शामा यांनी १५२६ साली कृष्णचरित्रकथा रचायला घेतली. पुढे चाळीसएक वर्षांतच त्याच गावची शांतादुर्गा खाडीपलीकडे कवळ्याला न्यावी लागली. कवळे कुणाच्या राज्यात होते? आदिलशहाच्या! पुढे आपला परंडा किल्लाही त्याच आदिलशाहीत गेला. तेव्हा ‘धर्मसत्ता’ म्हटले की आपण जे सरळ गणित मांडतो, ते इथे चालत नाही. हिंदू देवीला आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या मुलखात.

पण पोथ्या मात्र सरहद्दीपलीकडेही सुरक्षित नव्हत्या. १५५९च्या एका जेझुइट पत्रात असा प्रसंग आहे की एका नवख्रिस्ती तरुणाने पलीकडच्या एका ब्राह्मणाचे ग्रंथ लुटून आणले आणि ते पाद्र्यांच्या हाती पडले. पाद्र्यांनी ते वाचायला घेतले, खंडन करायचे म्हणून. खंडन करायचे तर भाषा यायला हवी, भाषा यायची तर पोथी हवी. अशा गरजेतून मराठी-कोंकणी कथा रोमन लिपीत उतरवल्या गेल्या. त्यांची हस्तलिखिते आज पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत, आणि त्यांत कृष्णदास शामाही आहेत. जप्त करणाऱ्यानेच जतन केले म्हणायचे. त्याचे आभार मानावेत का? आम्हांला तसे वाटत नाही. किती पोथ्या जळाल्या, ते त्या कपाटांत कुठे दिसते?

उरलेले लोक गप्प बसले नाहीत. फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणात एक नवख्रिस्ती माणूस विचारतो, जुनी पुराणे आम्हांला मना केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला काय देता? आमच्या मते सगळ्या ग्रंथाचे मूळ या प्रश्नात आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते मराठी पुराण १६१६ साली राशोलला रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले.

आणि मग १६८४! व्हाइसरॉयचे फर्मान निघाले की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. म्हणजे सत्तेने स्वतः दिलेले पुराणही आता नकोशा भाषेतले ठरले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज मिळत नाही. ग्रंथ वाचला तो भाविक ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने नकलून घेतल्यामुळे. १९०७ साली मंगळुरात तो पुन्हा छापला, तो अशाच हस्तलिखितांवरून.

गुपचूप वाचणारा माणूस नोंद ठेवत नाही, ही इतिहासकाराची अडचण. त्याची चाहूल लागते ती बंदी घालणाऱ्याच्या कागदात. १७३६ साली, म्हणजे पावणेदोनशे वर्षांनंतरही, इन्क्विझिशनला लग्नातल्या ओव्या आणि दारची तुळस मना करावी लागत होती. कुणीतरी गात होते म्हणूनच ना?

ब्रागाच्या त्या पानांविषयी एक सांगायचे राहिले. रोमन अक्षरांतले ते मराठी नुसत्या डोळ्यांनी वाचायला गेलो तर अडखळायला होते. मोठ्याने वाचले की कानाला लगेच कळते.