नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्रे : व्यवहार, करार आणि कायदा (महाड–पोलादपूर परिसराच्या संदर्भात)

नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्र, बोलीत ‘आरईसी’. वारा, ऊन, पाणी, उसाचे चिपाड किंवा शेतकचरा यांपासून एक मेगावॉट-तास, म्हणजे १,००० युनिट वीज तयार होऊन ग्रिडमध्ये गेली, याबद्दल मिळणारी इलेक्ट्रॉनिक नोंद. ही नोंद विजेपासून अलग करून विकता येते. वीज एकाला आणि तिचा ‘हरितपणा’ दुसऱ्याला, असा हा व्यवहार आहे. कागदावर छापलेले प्रमाणपत्र असे काही अस्तित्वात नसते.

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, सह्याद्रीला टेकलेले तालुके. या बाजारात त्यांची जागा मुख्यतः खरेदीदाराची आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांची दाटी आहे. विनती ऑरगॅनिक्सचा पहिला कारखाना इथलाच, लक्ष्मी ऑरगॅनिक आणि प्रिवी यांचेही कारखाने इथे आहेत. रसायनांच्या धंद्याला वीज आणि वाफ दोन्ही भरपूर लागतात. उलट वीज पिकवायला लागणारी सपाट, मोकळी जमीन इथे नाही. डोंगरउतार, जंगल आणि भातखाचरे यांतून उरते ती सावित्री नदीच्या पुराची जमीन, आणि पावसाळ्याचे चार महिने ऊन बेताचेच. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेले की पलीकडे सातारा जिल्हा लागतो. तिथे वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या फिरताहेत. तिथला वारा महाडच्या कारखान्याच्या हिशेबात कसा येऊन बसतो, हाच या लेखाचा विषय.

मागणी कुठून येते. या प्रमाणपत्राला स्वतःची उपयुक्तता जवळजवळ नाही. ते जळत नाही, त्यावर मोटर चालत नाही. त्याला किंमत येते ती कायद्याने लादलेल्या सक्तीमुळे. विद्युत अधिनियम २००३च्या कलम ८६(१)(ई)ने राज्य आयोगांना अधिकार दिला, की वितरण क्षेत्रातल्या एकूण विजेपैकी ठरावीक टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून घ्यायला लावावी. या सक्तीला नवीकरणीय खरेदी बंधन, व्यवहारात ‘आरपीओ’ म्हणतात. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१०, २०१६ आणि २०१९ मध्ये त्याचे विनियम केले. २०१९च्या विनियमांनी २०२०-२१ साठी एकूण १६ टक्के आणि २०२४-२५ साठी २५ टक्के असे लक्ष्य ठेवले. त्यात सौर वाटा ४.५ वरून १३.५ टक्क्यांपर्यंत चढत नेला. बंधन फक्त महावितरणसारख्या वितरण कंपन्यांवर नाही. स्वतःच्या वापरासाठी वीज तयार करणारे (कॅप्टिव्ह) आणि दुसरीकडून थेट वीज आणणारे (ओपन ॲक्सेस) मोठे ग्राहकही त्यात येतात. नवीकरणीय वीज कमी पडली तर तुटीइतकी प्रमाणपत्रे घेऊन बंधन पुरे करता येते, आणि बाजार उभा आहे तो या एका सवलतीवर.

कारखान्यांनी याला हरकत घेतली होती. आमची वीज आम्ही तयार करतो, ग्राहकाला विकत नाही, मग वितरण कंपनीचे बंधन आमच्या गळ्यात का, असा त्यांचा सवाल होता. हिंदुस्तान झिंक विरुद्ध राजस्थान विद्युत नियामक आयोग या खटल्यात १३ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा वाद मिटवला आणि बंधन कायम ठेवले.

महाडसारख्या ठिकाणी मात्र याहून कळीचा निकाल दुसराच आहे, आणि तो महाराष्ट्रातलाच. कल्याणजवळच्या शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्याने सहवीजनिर्मितीचा, म्हणजे एकाच इंधनावर वाफ आणि वीज दोन्ही काढण्याचा मुद्दा विद्युत अपील न्यायाधिकरणापुढे नेला. कलम ८६(१)(ई) सहवीजनिर्मितीलाही प्रोत्साहन द्या म्हणते; मग तिच्यावरच बंधन लादणे हे त्या कलमाच्या उलट नाही का? २६ एप्रिल २०१० रोजी न्यायाधिकरणाने कारखान्याच्या बाजूने कौल दिला. इंधन कोळसा असले तरी सहवीजनिर्मितीवर चालणाऱ्या कॅप्टिव्ह ग्राहकाला नवीकरणीय खरेदीची सक्ती करता येणार नाही, असे त्याने म्हटले. बॉयलरची वाफ आधी टर्बाइनमधून फिरवून मग प्रक्रियेला देणाऱ्या प्रत्येक रासायनिक कारखान्याच्या दृष्टीने हा फरक लाखांचा आहे. म्हणून प्रमाणपत्रे किती घ्यायची हे ठरवण्याआधी आपला संच कायद्याने ‘सहवीजनिर्मिती’ ठरतो की नुसती ‘कॅप्टिव्ह निर्मिती’, हे पाहावे लागते. हिशेबनीसाच्या आधी वकील लागतो तो इथे.

नोंदवहीच मालकी. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने १४ जानेवारी २०१० रोजी प्रमाणपत्रांचे पहिले विनियम काढले आणि १८ नोव्हेंबर २०१० रोजी योजना सुरू झाली. विक्रेत्याची वाट अशी : राज्य संस्थेकडून मान्यता (महाराष्ट्रात हे काम पुण्याची महाऊर्जा करते), मग मध्यवर्ती संस्थेकडे नोंदणी, मग राज्य भार प्रेषण केंद्राच्या मीटर-नोंदीवरून प्रमाणपत्रे खात्यात जमा. मध्यवर्ती संस्था म्हणजे राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र; ते चालवणारी कंपनी आधी पोसोको होती, २०२२ पासून तिचे नाव ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडिया.

जमिनीच्या व्यवहाराशी तुलना केली तर यातले वेगळेपण ध्यानात येते. जमिनीची मालकी नोंदणीकृत खरेदीखताने येते. सातबाऱ्यावरचा फेरफार हा महसुली दप्तराचा भाग, तो मालकी देत नाही, हे गावात कोर्टकज्जे केलेल्या कुणालाही ठाऊक असते. प्रमाणपत्रात नेमके उलटे. दोघांनी करारावर कितीही सह्या केल्या तरी मध्यवर्ती नोंदवहीत खाते बदलेपर्यंत खरेदीदाराच्या हाती काही येत नाही. इथे फेरफार हेच खरेदीखत. त्यामुळे मालकीवर दुसऱ्याचा दावा, दोनदा विक्री, बनावट कागद अशा नेहमीच्या भीती बऱ्याच कमी होतात, आणि करारातली ती कलमेही आखूड होतात.

बाजारातला करार. पहिली बारा वर्षे प्रमाणपत्र विकायची जागा एकच होती : वीज बाजार. इंडियन एनर्जी एक्स्चेंज आणि मुंबईची पॉवर एक्स्चेंज इंडिया हे दोन जुने. हिंदुस्तान पॉवर एक्स्चेंज २०२२ मध्ये आला. इथला करार कुणी कुणाशी बसून ठरवत नाही. एकक, दिवस, बोलीची पद्धत, पैसे भरण्याची वेळ, शुल्क, कसूर झाल्यास कारवाई हे सगळे बाजाराच्या उपविधी आणि व्यवहार-नियमांत लिहिलेले असते, आणि त्यांना केंद्रीय आयोगाची मंजुरी लागते. सभासद होताना किंवा सभासदामार्फत बोली लावताना ते सगळे मान्य केल्यासारखेच. बोली बंद असते. विकणारे आणि घेणारे आपापले भाव आणि नग टाकतात, दोन्ही रेषा जिथे छेदतात तो सर्वांना एकच भाव. महिन्याचा शेवटचा बुधवार हा या बाजाराचा जुना वार. खरेदीदाराला पैसे आधी भरावे लागतात, आणि विकणाऱ्याच्या खात्यात तितके नग आहेत का हे बाजार मध्यवर्ती संस्थेकडून पडताळून घेतो. समोरची व्यक्ती कोण, तिची पत काय, हे प्रश्न उरत नाहीत.

अमेरिकेत आणि युरोपात वाट निराळी निघाली. तिथे आधी दोन पक्षांतले सौदे रुळले आणि मग वकिलांनी व व्यापारी संघटनांनी प्रमाण नमुने बांधले. अमेरिकन बार असोसिएशन, तिथली पर्यावरण बाजार संघटना आणि नवीकरणीय ऊर्जा परिषद यांचा ‘मास्टर’ करार हा त्यातला सर्वांत परिचित. युरोपात ऊर्जा व्यापाऱ्यांच्या महासंघाचा नमुना चालतो. अशा करारात एक मूळ दस्त आणि प्रत्येक सौद्याला दोन पानांची पुष्टी असते. ‘हरित गुण’ म्हणजे नेमके काय, कायदा बदलला तर तोटा कुणाचा, माल दिला नाही तर भरपाई कोणत्या भावाने, यावर पानेच्या पाने खर्ची पडतात. आपल्याकडे हे प्रश्न विनियमांनी गिळून टाकले होते, निदान २०२२ पर्यंत.

भावाची कहाणी. सुरुवातीला केंद्रीय आयोग किमान आणि कमाल भाव ठरवून देत असे. सौर प्रमाणपत्राला किमान १२,००० आणि कमाल १७,००० रुपये, बिगर-सौरला १,५०० आणि ३,९००. सौर यंत्रणा स्वस्त होत गेली आणि जानेवारी २०१५ पासून सौरचा पट्टा ३,५०० ते ५,८०० वर उतरला, २०१७ मध्ये १,००० ते २,४०० वर. चढ्या भावाच्या भरवशावर प्रकल्प उभारलेल्यांनी न्यायालय गाठले. मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीने व्यवहार थांबले. बिगर-सौर काही महिन्यांत अटींवर सुरू झाले, सौरला २०१८ उजाडले. जून २०२० मध्ये आयोगाने किमान भाव शून्य केला, तेव्हा अपील न्यायाधिकरणाच्या स्थगितीने बाजार नोव्हेंबर २०२१ पर्यंत बंद राहिला. या काळात विकणाऱ्यांची प्रमाणपत्रे पडून होती आणि घेणाऱ्यांना बंधन पुरे करायला माल मिळत नव्हता. प्रमाणपत्राची मुदतही आधी ३६५ दिवस, मग ७३०, मग १,०९५ अशी ताणावी लागली. सरकारी सक्तीवर उभ्या राहिलेल्या मालाच्या करारात ‘कायदा बदलल्यास’ हे कलम बाकी सगळ्यांपेक्षा महाग का पडते, ते या पाच वर्षांनी दाखवले.

२०२२ नंतर. केंद्रीय आयोगाचे नवे विनियम ९ मे २०२२ चे. अंमल ५ डिसेंबर २०२२ पासून. सौर-बिगर-सौर भेद आणि किमान-कमाल भाव गेले, मुदतही गेली. विकले जाईपर्यंत प्रमाणपत्र जिवंत राहते. तंत्रज्ञानानुसार गुणक आला : वारा आणि ऊन १, जलविद्युत १.५, घनकचरा व बिगर-जीवाश्म सहवीजनिर्मिती २, जैववस्तुमान २.५. पात्रतेची अट साधारण अशी, की त्या विजेवर आयोगाने ठरवलेला किंवा निविदेतून स्वीकारलेला दर घेतलेला नसावा, आणि पारेषण-वहन शुल्कात सवलत घेतलेली नसावी. दोन्ही हातांनी खाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

मोठा बदल म्हणजे परवानाधारक वीज व्यापाऱ्यांमार्फतही प्रमाणपत्रे विकता येऊ लागली. तिथे भाव आपसात ठरतो, म्हणून खरा लेखी करार परत आला. कोणत्या महिन्यांच्या निर्मितीची प्रमाणपत्रे, खात्यावर कधी येणार, मान्यता रद्द झाली तर काय, कर कुणी भरायचा, हे त्यात लिहावे लागते. करासाठी वस्तू व सेवा कर विभागाने २०१८च्या परिपत्रकात प्रमाणपत्राला ‘वस्तू’ मानले आहे. कारखान्याच्या खरेदी खात्याला ही गोष्ट चमत्कारिक वाटते. गोदामात न येणाऱ्या वस्तूचे बिल येते. भाव मात्र नव्या व्यवस्थेत घसरले. २०२४ मध्ये वीज बाजारात ते दोनशे रुपयांच्या आत आले होते. १७,००० रुपयांची कमाल मर्यादा आठवणाऱ्याला हा आकडा वेगळ्याच मालाचा वाटावा.

दुसरा कायदाही आता पुढे आला आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियमातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर केंद्राने २० ऑक्टोबर २०२३ रोजी नवीकरणीय वापराची किमान टक्केवारी जाहीर केली : २०२४-२५ साठी २९.९१, ती चढत २०२९-३० मध्ये ४३.३३. विद्युत अधिनियमाखालच्या बंधनाचा आणि याचा मेळ घालणे हे सध्या कारखान्यांच्या ऊर्जा व्यवस्थापकांपुढचे काम आहे.

महाडच्या कारखान्यापुढचे पर्याय. प्रमाणपत्र ही तुटीची भर आहे. पहिला पर्याय बहुधा समूह-कॅप्टिव्ह प्रकल्प. विद्युत नियम २००५च्या नियम ३ प्रमाणे वापरणाऱ्यांचा भांडवलात किमान २६ टक्के वाटा हवा आणि त्यांनी मिळून वार्षिक निर्मितीच्या किमान ५१ टक्के वीज वापरायला हवी. भागधारकांत हे प्रमाण कसे मोजायचे यावर सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल दिला. ६ जून २०२२च्या हरित ओपन ॲक्सेस नियमांनी किमान भाराची मर्यादा १०० किलोवॉटवर आणल्याने लहान कारखान्यांनाही बाहेरून वीज आणणे शक्य झाले. या सगळ्या करारांत हरित गुण कुणाचा, हे वाक्य स्पष्ट हवे. कारखान्याने वीज घेतली आणि प्रमाणपत्र प्रकल्पवाल्याने तिसऱ्याला विकले, तर ती वीज कारखान्याच्या बंधनात धरली जात नाही, आणि परदेशी ग्राहकाला ‘आमचे उत्पादन हरित विजेवर’ असे सांगण्याचा हक्कही जातो. औषधे आणि सुगंधी रसायने निर्यात करणाऱ्याला हा दुसरा तोटा जास्त बोचतो. कार्बन क्रेडिट, ज्याची योजना केंद्राने जून २०२३ मध्ये जाहीर केली, ही वेगळी चीज आहे. ते टाळलेल्या उत्सर्जनाच्या टनांत मोजतात, एकाच युनिटवर दोन्ही घेता येत नाहीत.

घरावरचे सौर पॅनेल या बाजाराच्या बाहेर राहते. पोलादपुरात कौलांशेजारच्या स्लॅबवर बसवलेल्या, नेट मीटर लावलेल्या संचाची वीज, मालकावर स्वतःचे बंधन नसेल तर, महावितरणच्या बंधनपूर्तीत मोजली जाते. घरमालकाला बिलातले कमी झालेले युनिट दिसतात. त्यांचा हरितपणा मात्र राज्य आयोगाच्या २०१९च्या छतसौर विनियमांप्रमाणे महावितरणच्या खात्यावर जमा होतो, आणि त्यासाठी वेगळी सही कुणी मागत नाही.